पोराच्या खिशात पुडी सापडली तर

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर आणि पीकविम्यावर बोलणारे आज पुष्कळ आहेत. आमच्याकडे विषय आला आहे तो चारचौघांत कोणी काढत नाही असा. शहरात गेलेले आपले पोर नशा करून पाहू लागले आहे असे कळले, तर आईबापांनी काय करायचे?

तुम्ही म्हणाल, हे ठाणे-डोंबिवलीच्या फ्लॅटवाल्यांचे दुखणे, कोरडवाहू शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. विदर्भ-खानदेशाची गाडी कसाऱ्याचा घाट उतरून येते, सोलापूरची कर्जतच्या बाजूने येते आणि दोन्ही कल्याणला मिळतात. पावसाने दगा दिला, कपाशीत घातलेला पैसा निघाला नाही, की घरातला एकजण या गाडीत बसतो. ठाण्याची वागळे इस्टेट, डोंबिवलीची एमआयडीसी, भिवंडीचे माग, इथे आपलीच पोरे आहेत. एका खोलीत सहा-सातजण, रात्रपाळी, विचारणारे कोणी नाही. सोबतचा म्हणतो, घेऊन बघ, थकवा जाईल. पहिली पुडी बहुधा अशी मित्राच्या हातून आणि फुकटच मिळते.

हा माल मुंबईपुरताच आहे असेही समजू नका. एप्रिल २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी एफेड्रिनचा काही टन साठा पकडला, तो सोलापूरकडच्या एका कारखान्यात, म्हणजे ऐन ज्वारीच्या मुलखात. २०२३ साली एमडी नावाच्या पावडरीचा कारखाना सापडला, तो नाशिकजवळच्या शिंदे गावात. गाव सुरक्षित आणि शहर वाईट, ही वाटणी आता राहिलेली नाही.

मग पुडी सापडली तर? आपल्याकडे चार उपाय ठरलेले आहेत. बाप मारतो. आई लपवते. मामा सांगतो, लग्न लावून द्या, सुधारेल. चुलता सांगतो, गावी आणून कोंडा. मारलेले पोर नशा सोडत नाही, घरी सांगणे सोडते. लपवण्यात मोलाचे महिने जातात. लग्नाने एकाच्या जागी दोघांचे आयुष्य नासते, आणि ती दुसरी कोणा शेतकऱ्याचीच लेक असते. कोंडण्यात तर जिवाचा धोका आहे. दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची जुनी सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. ते काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवे.

आमचे शिक्षण शेतीचे, म्हणून शेतीतलेच सांगतो. शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारायचे, यात किती पैसा गेला आणि किती अळ्या औषधाला दाद देईनाशा झाल्या, हे तुम्ही पाहिले आहे. म्हणून आपण सांगू लागलो, कामगंध सापळा लावा, पतंग मोजा, बोंड फोडून पाहा, मग औषध ठरवा. पोराच्या बाबतीत नुकसानीची पातळी गाठेपर्यंत थांबायचे नाही, हा फरक. पण आधी पाहायचे आणि मग करायचे, हा क्रम तोच.

पाहायचे काय? काय घेतो, किती दिवसांपासून, कोणाबरोबर आणि कशासाठी. गांजाने डोळे लाल होतात. एमडीने झोप आणि भूक उडते, संशय वाढतो. गर्द म्हणजे ब्राउन शुगर. ती वेळेवर मिळाली नाही तर नाक-डोळे गळतात, अंग मोडून येते, उलट्या-जुलाब होतात. याला ते लोक टर्की म्हणतात. खोकल्याचे औषध आणि व्हाइटनरही हलके समजू नका. व्हाइटनर हुंगताना हृदय अचानक बंद पडू शकते. दोनदा गांजा ओढलेला आणि रोज गर्द घेणारा, दोघांना एकच औषध नाही. पहिल्याशी बोलणे, सोबत आणि खोली बदलणे एवढ्यानेही पुष्कळदा भागते. दुसरा आजारी आहे, त्याला दवाखानाच लागतो.

आणि विचारायचे कसे? तो नशेत असताना नाही. आपण संतापलेले असताना नाही. दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, एकट्याला. "आम्हाला हे कळले आहे. आम्हाला भीती वाटते आहे. तू सांग, आम्ही ऐकतो." एवढे बोलून गप्प बसायचे. आपल्याला गप्प बसणेच सर्वांत जड जाते.

पण ऐकणे म्हणजे त्याला पैसे पुरवणे नव्हे. त्याची उसनवारी फेडू नका, हातात रोकड देऊ नका. जेवण, खोलीभाडे आणि उपचार यांचे पैसे परस्पर द्या. प्रेम तोडायचे नाही, पुरवठा तोडायचा.

उपचार आहेत आणि ते आपल्याच महाराष्ट्रात उभे राहिले आहेत. गर्दने मुंबई-पुण्याची पोरे खाल्ली, तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण सुरू झाले. डॉ. सुनंदा अवचट यांनी ते उभे केले. तिथे पस्तीस दिवस ठेवून घेतात. मारझोड नाही, कुलूप नाही. घरच्यांनाही समजावून देतात, कारण आजार एकाला असला तरी घर सगळे आजारी पडलेले असते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली आय.पी.एच. ही मानसिक आरोग्याची संस्था काढली. जिथे साखळीने बांधतात असे केंद्र मात्र कोणी सुचवले, तर तिथून पोराला परत आणा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळदंडाला बंदी आहे.

पोलिसांच्या भीतीने लोक दवाखान्यात जात नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात नशा करणे हा गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की सेवनाचा किंवा अल्प मालाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडला तर हे संरक्षण जाऊ शकते. म्हणजे दवाखान्याचा रस्ता कायद्यानेच उघडा ठेवला आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी फोन फुकट आहेत. पोर बेशुद्ध पडले, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा.

सुटल्यावर पुन्हा घसरला, तर सगळे संपले असे मानू नका. एक पेरणी उलटली म्हणून आपण जमीन सोडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा. काही दिवस बंद राहून पुन्हा पूर्वीइतकीच गर्द घेतली, तर ती जीव घेते. त्या काळात त्याला एकटे ठेवू नका.

शेवटी स्वतःच्या घराचेही पाहावे लागेल. जो बाप पोराला खर्रा आणायला पाठवतो आणि बाजाराच्या दिवशी झिंगून घरी येतो, त्याने पुडीवर भाषण दिले तर पोर ऐकेल का? पोरींनाही यातून वगळू नका, त्याही आता शहरात शिकतात, कमावतात.

ज्यांचे पोर कल्याणकडे आहे, त्यांनी आज रात्री फोन करावा. पैसे किती पाठवतोस, हे आज विचारू नका. झोप लागते का, जेवतोस कुठे, खोलीत कोण कोण आहे, हे विचारा. आणि गावात कोणाच्या घरी हे दुखणे निघाले, तर पारावर चर्चा करू नका. त्या बापाबरोबर दवाखान्यात जायला एक माणूस द्या.