व्हेनिस : पायी पाहावयाचे नगर



इटलीच्या ईशान्य किनाऱ्यावर, समुद्राच्या खाजणात, शंभराहून अधिक लहान बेटांवर व्हेनिस वसले आहे. १८४६ साली रेल्वेचा व १९३३ साली मोटारींचा पूल बांधून हे नगर मुख्य भूमीस जोडण्यात आले. तथापि मोटारी आजही वेशीवरील पियात्झाले रोमा या चौकातच थांबतात. तेथून पुढे एक तर बोट, नाही तर आपले पाय.

बोळांच्या कोपऱ्यांवर रियाल्तो व सान मार्को यांची दिशा दाखविणाऱ्या पिवळ्या पाट्या आहेत. बहुतेक प्रवासी त्याच वाटांनी जातात. १५९१ साली पूर्ण झालेला रियाल्तोचा एककमानी दगडी पूल पाहावाच. परंतु नगराची खरी ओळख आडवाटेस लागल्यावर होते. कालव्यांवरील चारशेहून अधिक पुलांपैकी काही ओलांडीत गेले, की लहानमोठी पटांगणे लागतात. त्यांतील अनेकांत दगडी कठड्याची विहीर दिसते.

ही विहीर म्हणजे वस्तुतः पावसाच्या पाण्याचे टाके होय. नगरास पाण्याचा वेढा, पण ते पाणी खारे. म्हणून पटांगणाखाली मोठा खड्डा खणून त्यास चिकणमातीचे अस्तर देत, आत वाळू भरीत आणि मध्ये विटांची विहीर बांधीत. फरसबंदीवरील पाणी सच्छिद्र दगडांतून खाली उतरे, वाळूतून गाळले जाई व विहिरीत साठे. हा साठा अपुरा पडल्यास ब्रेंटा नदीचे पाणी होड्यांतून आणीत. १८८४ साली मुख्य भूमीवरून नळाचे पाणी येईपर्यंत नगराची तहान अशा रीतीने भागली.

पाण्याशी असलेला हा झगडा आजही संपलेला नाही. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी भरतीचे पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले व नगर जलमय झाले. त्यानंतर अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी खाजणाच्या तीन मुखांशी उचलती दारे बसविण्यात आली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी प्रथमच भरती अडविली.

परंतु दुसरे एक संकट दारांनी अडणारे नाही. १९५१ साली या ऐतिहासिक भागात सुमारे पावणेदोन लक्ष लोक राहत होते. २०२२ साली ही संख्या पन्नास हजारांच्या खाली आली. अनेक घरे प्रवाशांच्या मुक्कामास दिली जाऊ लागली, भाडी वाढली व कित्येक कुटुंबे मुख्य भूमीवर राहावयास गेली. २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, एका दिवसापुरते येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेण्यास प्रारंभ झाला. शुल्काने गर्दीस थोडाफार आळा बसू शकेल; गेलेली कुटुंबे मात्र त्याने परत यावयाची नाहीत.

पायी हिंडणाऱ्यास हे सहज उमगते. पटांगणात खेळणारी मुले, खिडकीबाहेर वाळत घातलेले कपडे, भाजीचे दुकान यांमुळेच ते नगर ठरते. तेव्हा जुन्या वास्तूंची डागडुजी जितकी अगत्याची, तितकेच सामान्य कुटुंबास परवडणारे घर, शाळा व दुकान तेथे टिकविणे अगत्याचे आहे. ऐतिहासिक गावाच्या जतनाची कोणतीही योजना आखताना प्रथम विचार व्हावा तो तेथे राहणाऱ्या माणसाचा.