दुःखातली सुट्टी



जिवाभावाचं माणूस गेल्यावर एखाद्या संध्याकाळी नातवाच्या बोलण्यावर खुदकन हसू येतं आणि लगेच मन खातं, 'आपण हसलोच कसे?' यात अपराध मुळीच नाही.

नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक स्खुट यांनी १९९९ साली मांडलं, की शोकातून सावरणारं मन झोक्यासारखं हलतं. कधी ते आठवणींत बुडतं, रडतं. कधी बँकेची कामं, स्वयंपाक, अंगावर पडलेल्या नव्या जबाबदाऱ्या यांकडे वळतं. मधूनच या दोन्हींपासून सुट्टीही घेतं. ही सुट्टी सावरण्याचाच भाग.

ती ठरवून, थोडी थोडी घ्यावी. कुंड्यांना पाणी घाला, शेंगा सोला, गल्लीच्या टोकापर्यंत चालून या. भेटायला येणाऱ्यांना 'आज नको, उद्या बोलू' म्हणायला संकोचू नका. जीव घाबराघुबरा झाला तर चार आकडे मोजत श्वास घ्या, सहा मोजत सोडा. उच्छ्वास लांबला, की हृदयाची धडधड मंदावते.

मात्र झोका एकाच टोकाला अडकू नये. आठवण टाळायला सतत कामात किंवा दारूत बुडणं ही विश्रांती नव्हे. झोप, जेवण आठवडेच्या आठवडे बिघडलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतूनही बोलता येतं.