शिकवता शिकवता शिकलेला मास्तर



आज तुम्हांला निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह या रशियन संगीतकाराची गोष्ट सांगायची आहे. नाव जिभेला जरा जड आहे खरे, पण दोनचारदा म्हटले की बसते. आणि गावोगावच्या गुरुजींनी तर ते जरूर लक्षात ठेवावे. कारण काय, ते पुढे येईलच.

तिख्विन नावाच्या लहानशा गावात १८४४ साली त्याचा जन्म झाला. घराण्याचा आरमाराशी संबंध, थोरला भाऊ आरमारातच अधिकारी. तेव्हा बाराव्या वर्षी पोराची रवानगी पीटर्सबर्गच्या आरमारी शाळेत झाली. पियानो वाजवायचा, पण तो हौसेपुरता. सतराव्या वर्षी बालाकिरेव्ह या संगीतकाराशी त्याची गाठ पडली. या बालाकिरेव्हच्या घरी काही तरुण जमत. बोरोदिन हा रसायनशास्त्रज्ञ, कुई लष्करी इंजिनिअर, मुसोर्गस्की सैन्यातली नोकरी सोडलेला. संगीताचे शास्त्र रीतसर असे कुणीच शिकलेले नव्हते. जात्यावर बसले की ओवी सुचते, तिथे व्याकरण कोण विचारतो? तसेच यांचे चाले. १८६२ ते १८६५ निकोलाय जहाजावर होता; इंग्लंड, न्यूयॉर्क, ब्राझील पाहून आला. परतला त्याच साली त्याची पहिली सिंफनी पीटर्सबर्गला वाजली आणि लोकांनी ती उचलून धरली.

आता खरी गोष्ट सुरू होते बरं का. १८७१ साली पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयाने त्याला बोलावले आणि म्हटले, आमच्याकडे प्राध्यापक व्हा, मुलांना रचना शिकवा. वय अवघे सत्तावीस, अंगावर आरमाराचा गणवेश. मित्रांनी आग्रह केला आणि त्याने होकार देऊन टाकला. पण पुढे आत्मचरित्रात त्याने मोकळेपणाने कबूल केले आहे की जे शिकवायचे तेच आपल्याला येत नव्हते!

त्याला काय येत नव्हते, ते थोडे समजून घेऊ. आपल्या गाण्यात एका वेळी एकच चाल चालते. गवई गातो, पेटी-सारंगी त्याच्या मागे. युरोपीय संगीतात पुष्कळदा दोनतीन वेगवेगळ्या चाली एकाच वेळी चालतात, आणि तरी त्या एकमेकींच्या पायांत येत नाहीत. ही विद्या अवघड. तिच्यात फ्यूग म्हणून एक प्रकार आहे. एका आवाजाने सुरावट सुरू करायची, थोड्या वेळाने तीच दुसऱ्याने उचलायची, मग तिसऱ्याने. आणि पहिला मात्र थांबलेला नाही, तो पुढे काही निराळेच गातो आहे. नव्या प्राध्यापकाने अशा रचनेचा एकही धडा कधी गिरवला नव्हता. कितीतरी स्वरमेळांची नावेसुद्धा त्याला ठाऊक नव्हती.

मग त्याने काय केले? राजीनामा दिला नाही, आणि नुसता रुबाब करून वेळही मारून नेली नाही. मुलांच्या एक पाऊल पुढे राहायचे म्हणून तो गुपचूप अभ्यासाला लागला. १८७३ साली आरमाराच्या बँडपथकांचा तपासनीस नेमला गेला, तेव्हा बासरी, क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन अशी वाद्ये आणवून स्वतः फुंकून पाहिली. कुठले बोट कुठे पडते ते तपासले. शेजाऱ्यांचे काय झाले असेल, त्याची कल्पनाच केलेली बरी. १८७५ च्या उन्हाळ्यात त्याने साठाच्या वर फ्यूग लिहिले, आणि त्यांतले निवडक दहा चायकोव्हस्कीकडे तपासायला पाठवले. स्वतः प्राध्यापक असून! चायकोव्हस्कीने त्याच्या नम्रतेचे आणि जिद्दीचे मनापासून कौतुक केले. जुने मित्र मात्र नाराज झाले. गडी पुस्तकी झाला, म्हणू लागले.

त्या म्हणण्यात थोडे तथ्य होते, असे मलाही वाटते. मुसोर्गस्की १८८१ साली वारला. त्याची अपुरी राहिलेली कामे रिम्स्की-कोर्साकोव्हने पुरी केली, पण करताना त्याच्या रचना ‘सुधारल्या’देखील. तांबडी शाई हातात आली की मास्तराला राहवत नाही. आज पुष्कळ नाट्यगृहे मुसोर्गस्कीचा मूळ पाठच पसंत करतात. तरी एवढे खरे, की या माणसाने कष्ट घेतले नसते तर ती संगीतिका जगापुढे यायला फार उशीर झाला असता. बोरोदिनच्या ‘प्रिन्स इगोर’चेही तेच, त्या कामात त्याचा शिष्य ग्लाझुनोव्ह सोबतीला होता.

त्याच्या स्वतःच्या रचना पुष्कळ आहेत. संगीतिकाच पंधरा. ‘शेहेराझाद’ १८८८ ची. भुंग्याची गुणगुण वाद्यांतून उठवणारी त्याची छोटी रचना तुमच्याही कानांवरून गेली असेल. आणि ‘साद्को’ या संगीतिकेत तर एक हिंदी व्यापारी येतो आणि आपल्या देशाच्या वैभवाचे गाणे गातो.

१९०५ च्या जानेवारीत पीटर्सबर्गमध्ये झारच्या सैन्याने नि:शस्त्र मोर्चावर गोळ्या झाडल्या. विद्यालयातली मुले संपावर गेली. म्हाताऱ्या प्राध्यापकाने उघडपणे त्यांची बाजू घेतली, आणि चौतीस वर्षांच्या नोकरीतून त्याला काढून टाकण्यात आले. मग विद्यार्थ्यांनी त्याचीच ‘काश्चेय’ ही संगीतिका रंगभूमीवर आणली. प्रयोग संपताच सभा सुरू झाली, पोलीस आले, आणि काही काळ त्याच्या संगीतावर बंदीच आली. ग्लाझुनोव्ह आणि ल्यादोव्ह हे शिष्य तिथेच शिकवत होते, त्यांनी राजीनामे दिले. वर्षअखेरीस ग्लाझुनोव्ह विद्यालयाचा प्रमुख झाला, तेव्हा गुरू पुन्हा वर्गात आला.

याच सुमारास स्ट्राव्हिन्स्की नावाचा, कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण त्याच्या घरी शिकायला येत असे. १९०८ साली गुरू वारला, तेव्हा या शिष्याने एक शोकगीत रचले, निव्वळ वाद्यांचे. एकेक वाद्य पुढे येते आणि आपली सुरावट समाधीवर फुलासारखी ठेवून जाते, अशी त्याची कल्पना होती. १९०९ साली ते एकदा वाजले, आणि पुढे क्रांतीच्या धामधुमीत कागद हरवले. स्ट्राव्हिन्स्की जगप्रसिद्ध झाला, म्हातारा झाला, १९७१ साली गेलाही. ते कागद काही त्याला परत दिसले नाहीत. २०१५ साली त्याच पीटर्सबर्गच्या विद्यालयात इमारतीच्या कामासाठी सामान हलवताना जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांत ते सापडले, आणि डिसेंबर २०१६ मध्ये त्याच शहरात ते पुन्हा वाजले.