वाचलेल्या माणसाचे पुढे काय?



वसंतातल्या या संध्याकाळी आपण एरवी साहित्य, संगीत, इतिहास अशा विषयांवर ऐकावयास जमता. आज मी मांडणार आहे तो विषय नावाने रूक्ष आहे : वैद्यकीय पुनर्वसनाचे संशोधन आणि त्याबाबत आपल्या लोकप्रतिनिधींचे कर्तव्य. पण ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या माणसाला तो परका वाटू नये.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली आगगाडी ठाण्याला आली; पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. आपली गावे या रुळांच्या कडेने वाढली. आपली पोटे रुळांवर चालतात आणि आपल्यातल्या कित्येकांचे हातपायही याच रुळांवर जातात. ९ जून २०२५ ची सकाळ आपण विसरलेलो नाही. मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन भरगच्च लोकल शेजारून गेल्या, दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. काही दगावले, काही जखमी झाले. वागळे इस्टेटीतली आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतली यंत्रेही अधूनमधून कामगाराची बोटे घेतात. या साऱ्याची बातमी होते ती एक दिवस. किती मेले आणि किती वाचले, एवढे छापून येते. वाचलेल्याचे पुढे काय झाले, हे कोण विचारतो?

शस्त्रवैद्य प्राण वाचवतो. पण गुडघ्यावर पाय कापलेला माणूस घरी परततो तेव्हा त्याची खरी परीक्षा सुरू होते. जखमेच्या खुंटाला कृत्रिम पाय बसला पाहिजे, तोल सावरता आला पाहिजे, मोरीत जाता आले पाहिजे, फलाटावरचा जिना चढता आला पाहिजे, आणि महिन्याअखेर पगार घरी आला पाहिजे. हे सारे जमविण्याचे जे शास्त्र, त्याला वैद्यकीय पुनर्वसन म्हणतात.

हे शास्त्र आपल्याकडे उपरे नाही. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांसाठी पुण्यास १९४४ साली कृत्रिम अवयव केंद्र निघाले. मुंबईत फातिमा इस्माईल या बाईंच्या मुलीला पोलिओ झाला. बाई स्वतःच्या दुःखाशी थांबल्या नाहीत. १९४७ साली त्यांनी अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था काढली. पुढे १९७८ साली त्यांची राज्यसभेवर नियुक्ती झाली. अपंगाच्या आईला कायदेमंडळात आसन मिळाल्याचे हे उदाहरण मोलाचे आहे. हाजीअलीला १९५५ साली संयुक्त राष्ट्रांच्या साह्याने केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था उभी राहिली. ती आजही काम करते आहे.

मग संशोधन कशाला हवे? परदेशात शोध लागतात, ते आणून वापरले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर जयपूरने दिले आहे. पाश्चात्त्य पद्धतीचा कृत्रिम पाय बुटात घालण्यासाठी आणि खुर्चीवर बसण्यासाठी घडविलेला असतो. आपला माणूस अनवाणी चालतो, मांडी घालून जेवतो, उकिडवा बसतो, चिखलात उभा राहून भात लावतो. तो पाय त्याच्या काय उपयोगाचा? १९६८ च्या सुमारास डॉ. प्रमोद करण सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर या दोघांनी मिळून रबराचा असा पाय सिद्ध केला की, तो बुटावाचून चालतो, पाण्याला भीत नाही आणि घोट्यात वळतो. तो आज देशोदेशी वापरला जातो. डॉक्टराची विद्या आणि कारागिराचा हात सरकारी रुग्णालयाच्या छपराखाली एकत्र आले, म्हणून हे घडले.

दुसरा दाखला वेल्लोरचा. कुष्ठरोगात बोटे आपोआप झडतात, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. डॉ. पॉल ब्रँड यांनी रुग्णांचे हातपाय बारकाईने पाहिले आणि दाखवून दिले की, स्पर्शज्ञान गेल्यामुळे चटके आणि जखमा कळत नाहीत, त्या दुर्लक्षित राहतात, आणि बोटे त्यामुळे जातात. समजूत बदलली तसा उपाय बदलला. मऊ तळाची चप्पल हेही औषध ठरले. नेमका प्रश्न विचारल्याचे हे फळ.

आता आपले प्रश्न पाहा. भरल्या लोकलमध्ये कृत्रिम पायाने चढताना गुडघ्यावर कसा ताण येतो? पावसाळ्यातल्या ओल्या हवेत खुंटाची कातडी का सोलवटते? चाळीच्या अरुंद जिन्याला कोणती चाकाची खुर्ची चालेल? पक्षाघात झालेल्या माणसाला आठवड्यातून तीनदा रुग्णालयात आणणे परवडत नसेल, तर घरच्या माणसांना कोणते व्यायाम शिकवावेत? याची उत्तरे लंडनला मिळावयाची नाहीत. बाजारही ती शोधणार नाही. कारण गिऱ्हाईक गरीब आहे. म्हणून हे काम सरकारचे.

आणि हे मी भीक म्हणून मागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २८ वे कलम सांगते की, पुनर्वसन ज्यामुळे सुधारेल अशा प्रश्नांवर शासनाने संशोधन सुरू करावे किंवा करवून घ्यावे. १९९५ च्या कायद्यातही संशोधनाला उत्तेजन देण्याची तरतूद होती. आधीच्या २७ व्या कलमात पुनर्वसनाचे काम आर्थिक कुवतीप्रमाणे करावे, अशी पळवाट आहे. २८ व्या कलमात तीही नाही. राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि अपंगांचे साह्य हे दोन्ही विषय राज्याच्या सूचीत घातले आहेत. तेव्हा मुंबईने दिल्लीकडे बोट दाखवून भागत नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार अपंगांची नोंद झाली. २०२२ साली राज्याने दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते काढले, हे योग्यच झाले. पण संशोधन कोणाचे? आरोग्य खात्याचे, वैद्यकीय शिक्षणाचे, की दिव्यांग कल्याणाचे? दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो. हा तर तीन घरचा पाहुणा!

कोणी म्हणेल, खाटा पुरत नाहीत तिथे संशोधनाचे लाड कसले? हा आक्षेप मनापासूनचा आहे, पण अपुरा आहे. रेल्वेच्या नुकसानभरपाईचा तक्ता पाहा. कोणता अवयव कोठवर तुटला यावर त्यात रक्कम ठरते. १ जानेवारी २०१७ पासून मृत्यूला आठ लाख रुपये आहेत. ही रक्कम एकदाच मिळते, आणि रूळ ओलांडताना सापडलेल्याला तीही मिळत नाही. कृत्रिम पाय मात्र झिजतो, बदलावा लागतो. न बसणारा पाय दिला तर तो माळ्यावर जाऊन पडतो आणि माणूस कुबडीवर राहतो. त्यात सरकारचा पैसाही गेला आणि घरचा कमावता हातही गेला. काय चालते आणि काय चालत नाही हे न तपासता वाटप करणे, हीच खरी उधळपट्टी होय.

म्हणून आपल्या आमदार-खासदारांकडे तीन गोष्टी मागाव्यात. पहिली : राज्याच्या अर्थसंकल्पात पुनर्वसन-संशोधनाचे वेगळे लेखाशीर्ष असावे आणि एकच खाते त्याला जबाबदार असावे. दुसरी : कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाला जोडून वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वेच्या आणि कारखान्यांच्या जखमींची तेथे पाच वर्षे पाठपुरावा करणारी नोंदवही ठेवावी. कोण चालू लागला, कोण कामावर परतला, कोणाचा पाय माळ्यावर गेला, हे त्यातून कळेल. संशोधनाचा पाया या नोंदवहीतच आहे. तिसरी : २८ व्या कलमाखाली वर्षभरात काय केले, याचा हिशेब दरवर्षी सभागृहापुढे यावा, आणि हे ठरविणाऱ्या समितीत स्वतः अपंग माणसे असावीत.

विधिमंडळात प्रश्न विचारण्याची सोय आहे. पण आमदार तोच प्रश्न विचारतो, जो मतदार त्याला रस्त्यात अडवून विचारतो. आपण त्याला गटारे विचारतो, पाणी विचारतो, गाड्यांच्या वेळा विचारतो. तेही विचारावयास हवेच. त्यांच्या जोडीला यापुढे हाही एक प्रश्न विचारा : आमच्या गावात जी माणसे वाचली, त्यांना पुन्हा उभे करण्याची विद्या वाढविण्यासाठी तुम्ही या अधिवेशनात काय केलेत? उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहा. एवढीच माझी विनंती आहे.