शून्य आलं म्हणून खूश झालो

मी दाताचा डॉक्टर नाही, बीटेक करून कोड लिहिणारा माणूस. पण ताई एमडीएस करत होती आणि तिच्या प्रबंधाची मोजमापं माझ्या गळ्यात पडली. म्हणून आज रूट कॅनाल.

दाढेची मुळं बऱ्याचदा वाकडी असतात. आतली नळी साफ करायला मशीनवर फिरणारी बारीक फाइल घालतात. ती वाकते, पण तिला सरळ व्हायचं असतं. म्हणून मधल्या भागात वळणाच्या आतल्या अंगाला जास्त खरवडते, टोकाशी बाहेरच्या. खालच्या दाढेत पुढच्या मुळाची मागची भिंत आधीच पातळ. तिथे भोक पडलं तर दात जाऊ शकतो.

स्टीलची फाइल ताठ. 1988 मध्ये दात सरळ करायच्या तारेपासून निकेल-टायटॅनियमच्या फाइली बनवल्या गेल्या, त्या कितीतरी लवचीक. आता उष्णता देऊन तयार केलेल्या फाइली मिळतात. काही तर वाकवल्या की वाकलेल्याच राहतात. ताईला तशी एक आणि साधी निकेल-टायटॅनियमची एक, अशी तुलना करायची होती.

काढलेल्या दातांचा आधी आणि नंतर सीटी. पुढच्या भिंतीतून किती गेलं, त्यातून मागच्या भिंतीतून गेलेलं वजा. शून्य म्हणजे नळी जागेवर. माझ्या स्क्रिप्टने सांगितलं, साध्या फाइलची सरासरी जवळजवळ शून्य! ताईने गाईड सरांना कळवूनही टाकलं.

मग दुसरं माप काढलं: दोन्हीतला लहान आकडा भागिले मोठा. 1 आला तर फाइल अगदी मधोमध. इथे तीच फाइल वाईट दिसली. दोन्ही खरं कसं असेल?

झालं असं की डावी आणि उजवी दाढ म्हणजे आरशातली प्रतिमा. मी सगळीकडे चित्रातली डावी भिंत म्हणजे पुढची, असं धरलं होतं. साध्या फाइलच्या गटात दोन्ही बाजूंच्या दाढा होत्या, दुसऱ्यात बहुतेक एकाच बाजूच्या. अधिक-उणे एकमेकांना खाऊन शून्य झालं होतं.

रात्री ताईला फोन केला. ती जरा वेळ गप्प. मग म्हणाली, "सरांना मी सांगते. तू आधी दुरुस्त कर."

दुरुस्तीनंतर निकाल उलटला. कोणी अशी तुलना दाखवली, तर सरासरी चिन्हासकट काढलीय का, एवढं नक्की विचारा. भेटू पुढच्या भागात.