शेजारच्या सीटवरचे पाय

बारावीची परीक्षा आटोपली, मुलाला किंवा मुलीला अठरा वर्षं पूर्ण झाली, की घराघरात गाडी शिकण्याचा विषय निघतो. शिकवणीसाठी चार क्लास पालथे घालणारे आपण ड्रायव्हिंग स्कूल मात्र पाटी बघून ठरवतो. 'लायसन्ससह' एवढे रुपये, सकाळी सातची वेळ, झालं काम! मला याची फार काळजी वाटते.

आधी वयाचं बोलते. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ते पन्नास सीसीपर्यंतच्या दुचाकीचं. आज रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या आहेत. म्हणजे अकरावीतल्या मुलाला घरची स्कूटर देणं बेकायदाच. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25,000 रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही.

आता स्कूलकडे वळू. आरटीओचा परवाना ऑफिसात लावलेला असतो, तो वाचा, मुदत बघा. शिकवणारा किमान दहावी पास हवा, त्याला गाडी चालवण्याचा पाच वर्षांचा अनुभव हवा आणि मोटार मेकॅनिकचं प्रमाणपत्रही हवं, असं 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात. हे विचारायला संकोच कसला? आपलं लेकरू रोज सकाळी या माणसाशेजारी बसणार आहे. मुलीसाठी बाई शिक्षिका हवी असेल तर तसं स्पष्ट मागा.

पण कागद बघून स्कूल कळत नाही. पैसे भरण्याआधी एक दिवस मागच्या सीटवर बसू द्या, असं सांगा. स्कूलच्या गाडीला ड्युअल कंट्रोल असतं, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. तुम्ही त्याच्या पायांकडे बघा. सिग्नलला गाडी थांबते, हिरवा दिवा लागतो, मागून हॉर्न सुरू होतात. मुलगी गिअर टाकते आणि गाडी अलगद निघते. तिला वाटतं, जमलं! प्रत्यक्षात हाफ क्लच शेजारच्या सरांनी धरलेला असतो. असे पंधरा-वीस दिवस गेले, की तिला स्टिअरिंग फिरवता येतं, गाडी चालवता येत नाही. मग घरची गाडी पहिल्यांदा चढावर उभी राहते, मागे सरकायला लागते, आणि शेजारी दुसरा ब्रेक नसतो.

चांगला शिक्षक पाय पेडलवर तयार ठेवतो, पण दाबत नाही. गाडी चार वेळा बंद पडू देतो. मागचे ओरडले तरी 'सावकाश, पुन्हा सुरू कर' एवढंच म्हणतो. मुद्दाम चढावर थांबवतो, हँडब्रेक लावायला लावतो आणि पुन्हा निघायला शिकवतो. लेन बदलण्याआधी आरसा बघितलास का, हे दर वेळी विचारतो. असा माणूस मिळाला, तर हजार-पाचशे जास्त गेले तरी जाऊ द्या.

कारसाठी नियमाप्रमाणे किमान एकवीस दिवसांचं शिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान दहा तास हवेत. हिशेब केला तर रोज जेमतेम अर्धा तास होतो. त्या अर्ध्या तासात दुसऱ्या विद्यार्थ्याला घरून आणणं, तिसऱ्याला सोडणं चालू असेल, तर तुमच्या मुलाच्या हाती गाडी किती वेळ राहिली? रस्ताही रोज तोच नको. मोकळ्या कॉलनीत चक्कर मारून मंडईच्या गर्दीतला रिक्षावाला कळत नाही. संध्याकाळी दिवे लावून चालवणं, पाऊस असेल तर पावसात चालवणं, अरुंद गल्लीत रिव्हर्स घेणं हे सगळं होणार का, ते आधीच विचारा.

आणि 'टेस्टची काळजी करू नका, आमची ओळख आहे' असं कोणी म्हणालं, तर तिथून उठा. लर्निंग लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्या लायसन्सची चाचणी महिनाभरानंतर देता येते. म्हणजे सरावाला वेळ भरपूर आहे. या काळात घरची गाडी चालवताना पुढे-मागे लाल 'एल' लावा आणि शेजारी पक्कं लायसन्स असलेलं माणूस बसवा.

आणखी एक. विद्यार्थ्याने किती तास गाडी चालवली, याची नोंदवही स्कूलने ठेवायची असते. फी शक्यतो दोन हप्त्यांत ठरवा. दुसरा हप्ता देण्याआधी ती वही मागवा, मुलाला शेजारी बसवा आणि तारखेनुसार विचारा, या दिवशी खरंच किती वेळ चालवलीस?