क्रॅश सिंबल: चटकन उघडणारा, चटकन विरणारा

जुन्या जॅझसारखा आवाज हवा तर क्रॅश केवढा घ्यावा, असं तरुण ड्रमर विचारतात तेव्हा त्यांना उत्तर इंचांत हवं असतं. तेही देऊन टाकतो: १४ ते १६. पण तेवढ्याने भागत नाही. १४ इंची जाड सिंबल घेतलात तर घंटा वाजवत बसाल.

व्यास कमी झाला की सूर चढतो आणि नाद लवकर संपतो. जाडी कमी झाली की सूर उतरतो, आणि हलक्या टोल्यालाही सगळा पत्रा थरारून उठतो. लहान आणि पातळ असं दोन्ही जुळलं, तरच किंचाळल्याशिवाय उघडणारा आणि लगेच विरणारा तो ‘फश्श’ मिळतो. दोहोंत एकच सांभाळता येत असेल तर मी पातळपणा सांभाळेन.

१९३० च्या दशकातल्या स्विंग बँडमध्ये ताल धरायचा तो बास ड्रम आणि हाय-हॅटने, म्हणजे पायाने मिटणाऱ्या सिंबलच्या जोडीने. क्रॅशचं काम ठोक्यापुरतं. ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांनी एकदम तुटक सूर फेकला की ड्रमरने त्याच क्षणी टोला द्यायचा आणि मोकळ्या हाताने काठ धरून नाद तोडायचा. अंगठा खाली, बोटं वर. मोठा, जाड सिंबल असा सहजी गप्प होत नाही. त्याचा उरलेला नाद पुढच्या मात्रेवर सांडतो.

इस्तंबूलमधली झिल्जियन घराण्याची सिंबल घडवण्याची विद्या अवेडिस झिल्जियन तिसरे यांनी १९२९ मध्ये अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्सला नेली. धातू तोच: ८० टक्के तांबं, २० टक्के कथील. आपल्या काशाच्याच कुळातला. पातळ सिंबल बनवा म्हणून त्यांच्यामागे लागणाऱ्यांत जीन क्रूपा होता. १६ जानेवारी १९३८ ला बेनी गुडमनच्या बँडने कार्नेगी हॉल गाजवला, तेव्हा ड्रमवर बसलेला तोच.

पुढे ड्रमर केनी क्लार्कने ताल राइड या मोठ्या सिंबलवर नेला, बीबॉप ही नवी जॅझशैली आली, आणि साठच्या दशकात ड्रमर टोनी विल्यम्स १८ इंची क्रॅशवर वाजवताना ऐकू येतो. तोही आता जुनाच आवाज! तेव्हा ‘जुना’ म्हणजे कुठल्या दशकातला, हे दुकानात शिरण्याआधी ठरवा. आपल्याकडचा जुना आवाज हवा असेल, तर मुंबईत १९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबीचा जॅझ बँड ताज हॉटेलमध्ये वाजला, मागाहून चिक चॉकलेटसारखे गोव्याचे वादक त्याच वाटेने गेले. चिक चॉकलेटचा हात लागलेली ‘अलबेला’ सिनेमाची गाणी या कानाने पुन्हा ऐकून बघा.

दुकानात वजनकाटा मागा. लाजू नका. १६ इंची सिंबल हजार ग्रॅमच्या आत असेल तर पुढे बोलायचं. मग काठ अंगठ्याने हलकेच दाबा, तो किंचित लवला पाहिजे. नुसत्या बोटाने टिचकी मारा. तेवढ्यावर सिंबल बोलू लागला तर स्टिक हातात घ्या. वाजवायला मात्र दुसऱ्या कुणाला सांगा आणि आपण चार पावलं मागे उभे राहा, कारण वाजवणाऱ्याच्या कानाशी येणारी खरखर श्रोत्यापर्यंत पोचत नाही. घरचा राइड सोबत नेलात तर उत्तम. दोघांचे सूर एकमेकांना चिकटून बसले तर ठोका राइडच्या नादातच बुडतो.

सेकंडहँड घेणाऱ्यांनी काठ उजेडात फिरवून केसाएवढी चीरही शोधावी. मधलं भोक स्टँडवर घासून लांबट झालंय का, तेही पाहावं. काळपटपणा ब्रासोने घासू नये. त्याने आवाज बदलतो की नाही यावर ड्रमर रात्रभर भांडतील. किंमत मात्र नक्की पडते. आणि घरी आणल्यावर टोला तिरका, निसटता द्या. पातळ सिंबलवर सरळ घाव घालणाऱ्याला लवकरच दुसरा सिंबल शोधायला निघावं लागतं.